फाशांनी मांडलेला डाव

कर्णिककाकूंची मला पहिल्या आठवड्यापासून भीती वाटायची. लंडनजवळ हाउन्सलोला त्या राहत त्याच्या वरच्या मजल्यावरचा फ्लॅट मी भाड्याने घेतला आणि तिसऱ्याच दिवशी तापाने आडवी झाले. पुण्याहून येऊन जेमतेम दोन महिने झालेले, एअरपोर्टजवळच्या एका कार्गो कंपनीत सकाळी सहाची शिफ्ट, आसपास ओळखीचं कोणी नाही. दुपारी दारावर थाप पडली. उघडलं तर समोर पांढऱ्या बॉबकटची, सत्तरीची, गळ्यात दोरीने पेन अडकवलेली एक बाई.

“लेटरबॉक्सवर नाव वाचलं. मराठी दिसतेस,” त्या म्हणाल्या. “खोकला खाली ऐकू येतोय. काय घेतलंस?”

मी टेबलाकडे बोट दाखवलं. सर्दीची पावडर, गरम पाण्यातून घ्यायची. शेजारी पॅरासिटमॉलच्या गोळ्या. त्यांनी दोन्ही खोकी उचलून, चष्मा कपाळावर सारून, अगदी डोळ्यांजवळ नेऊन वाचली.

“ही पावडर किती वेळा?”

“चार.”

“आणि गोळ्या?”

“त्या पण चार वेळा.”

“दोन्हीत एकच औषध आहे. लिव्हरचं वाटोळं करून घ्यायला एवढ्या लांब आलीस का?”

पावडरचं खोकं त्यांनी सरळ आपल्या खिशात टाकलं आणि निघून गेल्या. तासाभराने दाराशी मऊ भाताचं भांडं होतं. झाकणावर चिकटवलेल्या लेबलावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘गरम करून खाणे. लोणचं नाही.’

काकू तीस वर्षं फार्मसिस्ट होत्या. नोकरी सुटली तरी लेबलं काही सुटली नव्हती. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर आत काय आहे ते आणि कधी भरलं ते असायचं. कोणाचंही खरं वाटलं नाही की त्या पेनचं टोपण टकटक वाजवायच्या. कचरागाडीच्या दिवशी चुकीच्या बिनमध्ये काही टाकलेलं दिसलं तर ते काढून, धुऊन, परत माझ्या दाराशी ठेवायच्या. रस्त्यावरची इंग्रज म्हातारी माणसंसुद्धा काकू दिसल्या की आपली औषधं वेळेवर घेतल्याचं न विचारता सांगायची.

काकूंचे यजमान माधवकाका त्यांच्या अगदी उलट. एअरपोर्टवर सामानाच्या विभागात आयुष्य काढलेले, गप्पिष्ट, कोणालाही नावं ठेवायची ती हसत हसत. डायबिटीसने त्यांची दृष्टी गेली होती. उजेड आणि सावल्या तेवढ्या कळत. दिवसभर सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात रेडिओवर क्रिकेट ऐकत बसायचे. जेवणाआधी काकू इन्सुलिनचं पेन घेऊन यायच्या. काका निमूटपणे शर्ट वर करायचे. दिवसातून तीन वेळा, पंधरा वर्षं.

“हिने मला जेवढं टोचलंय ना,” काका म्हणायचे, “तेवढं ती बोलली असती तर आमचा संसार झाला नसता.”

खोलीतून जाता जाता काकूंचा हात काकांच्या खांद्याला लागायचा. कधी चुकून लागल्यासारखा, तरी दर वेळी.

बॅकगॅमन हा फाशांचा पटखेळ काकूंना फार्मसीतल्या एका इराणी सहकारी बाईंनी शिकवलं होतं. लंच ब्रेकमध्ये, सँडविच एका हाताने खात. पहिल्या हिवाळ्यात काकूंनी ते मला शिकवलं, आणि औषधाचं बोलावं तसंच शिकवलं. पटावर चोवीस टोकदार पट्ट्या, त्यांना त्या घरं म्हणायच्या. प्रत्येकाच्या पंधरा सोंगट्या. सुरुवातीला त्या ठरलेल्या चारच घरांवर बसतात : दोन, पाच, तीन, पाच. फासे टाकत त्या आपल्या बाजूच्या शेवटच्या चौकात आणायच्या आणि तिथून बाहेर काढायच्या. ज्याच्या सगळ्या आधी बाहेर, तो जिंकला.

“तीन-एक पडलं तर विचार करायचा नाही,” त्या बजावायच्या. “त्याची खेळी एकच. सहा-एक पडलं, त्याचीही एकच. पाठ कर. विचार करायला पुढे जागा आहे.”

मी पाठ केलं. तरी हरायचे.

बुधवारी दुपारी जवळच्या कम्युनिटी हॉलमध्ये आठ-दहा जण खेळायला जमत. माझी शिफ्ट दोनला संपायची, त्यामुळे मीही जायचे. काका घरी रेडिओपाशी. हॉलमधल्यांत डेरेक नावाचे एक रिटायर्ड पोस्टमन होते, काकूंकडून हरायला ते सगळ्यात आधी येऊन बसत.

तिसऱ्या वर्षीच्या वसंतात एका बुधवारी काकूंनी पट उघडला आणि सोंगट्या मांडल्याच नाहीत. हातात एक लाल आणि एक पांढरा फासा घेतला.

“आजपासून मांडणी फासे करणार,” त्यांनी इंग्रजीत जाहीर केलं. “पाठांतरावर जिंकणाऱ्यांचा मला कंटाळा आलाय.”

“म्हणजे तुमचाच ना?” डेरेक म्हणाले. सगळे हसले.

नियम त्यांनी कागदावर लिहून आणला होता. पटाचे चार चौक, प्रत्येकात सहा घरं. लाल फासा कोणता चौक ते सांगणार. पाच किंवा सहा पडले तर पुन्हा टाकायचा. पांढरा फासा त्या चौकातलं घर सांगणार. तिथे आपली एक सोंगटी. लगेच समोरच्याची एक सोंगटी त्याच्या बाजूने मोजून बरोबर त्याच जागी, आरशात दिसावी तशी. घर आधीच दुसऱ्या रंगाने अडलेलं असेल तर फासे पुन्हा. एका घरात पाचाहून जास्त नाहीत, आणि निदान दोन तरी समोरच्याच्या चौकात हव्यात. असं पंधरा वेळा. मांडणी दर वेळी नवी, पण दोघांना अगदी सारखी. मग एकेक फासा टाकायचा, ज्याचा मोठा त्याने सुरुवात करायची.

डेरेक कितीतरी वेळ तो कागद वाचत होते. “यात खोट काढता येत नाही,” शेवटी ते म्हणाले.

आणि काकू त्या नव्या खेळात आधीपेक्षाही भयंकर झाल्या. विचित्र मांडणीकडे त्या दहा सेकंद बघायच्या, ओठ आवळायच्या आणि कोणाला सुचली नसती अशी खेळी करायच्या. आम्हाला सगळ्यांना तो प्रकार इतका आवडला की जुन्या मांडणीने कोणी खेळेनासं झालं. मला काकूंचा अभिमान वाटायचा. या वयात असं काही नवीन काढणारी बाई!

सप्टेंबरात हॉलमध्ये एक नवीन बाई आल्या. स्वतःचा सुंदर लाकडी पट घेऊन आल्या होत्या. तो काकूंपुढे ठेवून त्या म्हणाल्या, “तुम्ही मांडा ना, मी चहा आणते.”

मी शेजारच्या टेबलावर होते. काकूंनी मूठभर सोंगट्या उचलल्या. पाच एका घरात ठेवल्या. मग त्यांतल्या दोन उचलल्या. शेजारच्या घरात ठेवल्या. परत घेतल्या. पुढच्या चौकात तीन ठेवल्या, पुन्हा सगळ्या गोळा केल्या. मला वाटलं, त्या गंमत करताहेत. मी हसून काहीतरी म्हणणार होते, तेवढ्यात त्यांनी वर बघितलं.

ती नजर मी आधी कधी बघितली नव्हती. गर्दीत हात सुटलेल्या लहान मुलीची नजर.

चहा घेऊन त्या बाई परतल्या तेव्हा काकू ताठ बसल्या होत्या. “आमच्याकडे फासे टाकून मांडतात,” त्यांनी शांतपणे सांगितलं आणि नियमांचा कागद पुढे केला. तो डाव त्या जिंकल्या.

परतताना बसस्टॉपवर त्यांनी माझं मनगट धरलं. पकड इतकी घट्ट की मला दुखलं.

“तू बघितलंस.”

“काकू, होतं असं कधीकधी. मीही विसरते.”

“मला खोटं सांगू नकोस. मी हेच वाक्य काउंटरवरून हजारदा बोललेय.” त्या रस्त्याकडे बघत होत्या. “फेब्रुवारीत एका सकाळी पट उघडला आणि आठवेना. चार घरं कोणती, कुठे पाच, कुठे तीन. पुस्तकात बघितलं, मांडलं. दुसऱ्या दिवशी परत गेलं. महिनाभर रोज बघत होते, मृणाल. राहतच नाही. खेळता येतं, सगळं दिसतं, पण ती सुरुवात राहत नाही.”

“म्हणून फासे?”

“फासे टाकले की कोणी विचारत नाही.”

ट्रॅफिक जात राहिला. मला एकच प्रश्न सुचला आणि तो विचारायचं धाडस होईना. बस दिसायला लागली तेव्हा विचारला.

“काकांचं इन्सुलिन?”

त्यांनी झटक्यात हात सोडला. “तीस वर्षांत माझ्या हातून एक चूक झालेली नाही.”

घराच्या फाटकाशी आल्यावर त्या थांबल्या. ब्रिस्टलला मुलगी आहे, सई, तिला कळलं तर ती उद्याच येईल, म्हणाल्या. मग तपासण्या. मग फॉर्म. त्यांच्या ओळखीच्या एका जोडप्याला वृद्धांच्या दोन वेगवेगळ्या होममध्ये ठेवलं, बावन्न वर्षांच्या संसारानंतर, कारण दोघांची गरज वेगळी.

“यांना दिसत नाही. मी जवळ नसले तर हे अनोळखी खोलीत, अनोळखी आवाजांत बसतील. कोणाला सांगू नकोस. मी प्रत्येक डोस वहीत लिहिते. लिहिल्याशिवाय हलत नाही. शब्द दे.”

मी दिला. तो देताना मला काकूंची कीव आली होती. माझी हालत नंतर कळली.

कामावर स्क्रीनवर पॅलेट्सची वजनं जुळवत असताना एक वाजायचा, आणि माझे आकडे चुकायचे. एक ही काकांच्या दुपारच्या इंजेक्शनची वेळ. आमच्या रस्त्याच्या वळणावर बस आली की मी आधी अँब्युलन्स शोधायचे. घरी पोचल्यावर जमिनीला कान देऊन रेडिओ चालू आहे का ऐकायचे. सुट्टीच्या दिवशी काहीतरी निमित्त काढून एकला खाली जायचे. काकू समजायच्या, दार उघडायच्या. एकदा त्यांची वही उघडी दिसली. मंगळवारच्या दुपारचा डोस दोनदा लिहिला होता, वेगवेगळ्या शाईत. दोनदा लिहिला गेला की दोनदा दिला गेला? काका तर समोर बसून पेरू खात होते.

पंधरा दिवसांत माझा धीर सुटला. काकू दुकानात गेल्याचं बघून मी खाली गेले. काकांनी रेडिओचा आवाज कमी केला.

“बोल. जिना उतरतानाच कळलं, काहीतरी आहे.”

“काका, काकूंबद्दल...”

“चौदा,” काका म्हणाले.

“काय?”

“दुपारचे चौदा युनिट. पेन फिरवलं की प्रत्येक युनिटला टिक होतं. मी मोजतो. जानेवारीपासून मोजतोय.” ते नेहमीसारखेच हसत होते, पण हात मांडीवर घट्ट मिटलेले होते. “एकदा एकोणीस झाले. मी म्हटलं, अगं थांब, सुई वाकडी वाटते, पुन्हा लाव. पुन्हा लावली, तेव्हा चौदा.”

“आणि दुसऱ्यांदा घेऊन आल्या तर?”

“आली होती. मी म्हटलं, आत्ताच झालं की. तर तिथेच खाली बसली, आणि रडली. चाळीस वर्षांत मी तिला रडताना ऐकलं नव्हतं. तेव्हापासून मी सांगत नाही. म्हणतो, आण, आज मी टोचून घेतो. आणि इथे टोचतो.” त्यांनी शेजारची उशी थोपटली. “वास घे.”

मी वाकले. उशीला दवाखान्याचा वास येत होता, बँडेडची पट्टी उघडल्यावर येतो तसा. तपकिरी कापडावर गोल गोल डाग होते.

“काका, हे किती दिवस चालणार?”

“मला काय विचारतेस? मला समोरची भिंतही दिसत नाही.” हसू संपलं होतं. “तिला वाटतं, आपण गेलो तर यांचं काय. मला वाटतं, ती इथे बसलेली असतानाच गेली तर माझं काय. आम्ही दोघं रात्रंदिवस एकमेकांना फसवतोय, आणि आता तू तिसरी.”

तेव्हाच फोन उचलून सईला सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. शब्द दिला होता हे एक. दुसरं म्हणजे काका मोजताहेत, या एवढ्यावर मी निश्चिंत व्हायला बघत होते. आजही ते आठवलं की स्वतःची चीड येते.

जानेवारीत दोघांनाही सर्दी झाली. काकांच्या दोन्ही कानांना दडे बसले. रेडिओ इतका मोठा की मला वरून स्कोअर कळायचा. त्याचा अर्थ काय, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तीन दिवस आलं नाही.

चौथ्या दिवशी पावणेतीनला मी बसमधून उतरले. फाटक उघडं होतं. काकू दारात उभ्या होत्या, अंगात कोट, एका पायात बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा.

“हे झोपलेत,” त्या म्हणाल्या. “उठत नाहीत.”

मी आत धावले. टेबलावर ताट तसंच, वरणावर साय धरलेली. काका सोफ्यावर कलंडलेले, शर्ट घामाने चिंब, ओठ पांढरे. हाक मारली तर घशातून नुसता घर्र आवाज. मी फोन स्पीकरवर टाकून अँब्युलन्ससाठी नऊ-नऊ-नऊ लावला. श्वास चालू आहे का, त्वचा कशी आहे, डायबिटीस आहे का, असं पलीकडची मुलगी विचारत होती. मग तिने विचारलं, “इन्सुलिन किती दिलं होतं?”

मी काकूंकडे बघितलं. त्यांनी वही उघडली. त्या दिवसाचं पान कोरं होतं.

त्या वहीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता त्या ‘चौदा’ म्हणणार. चौदा म्हटलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं. त्यांचे ओठ हलले, थांबले. मग त्या फोनपाशी आल्या आणि स्वच्छ इंग्रजीत, फार्मसीतल्या आवाजात म्हणाल्या, “मला माहीत नाही. मी दोनदा दिलं असण्याची शक्यता आहे, कदाचित जास्त. त्यांनी जेवण केलेलं नाही. मी निवृत्त फार्मसिस्ट आहे आणि माझी स्मृती जाते आहे. माझ्या उत्तरावर विसंबू नका. लवकर कोणाला तरी पाठवा.”

मी घाईघाईने साखरेचं पाणी घेऊन आले, तर त्यांनी माझा हात ढकलला. “बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही. गुदमरतील. फ्रिज, दारातला खालचा कप्पा, नारिंगी डबी.”

डबीत पावडरची छोटी बाटली आणि पाण्याने भरलेली सिरिंज होती. साखर वर आणायचं इंजेक्शन, अशाच वेळेसाठी ठेवलेलं. मी ती काकूंच्या हातात द्यायला गेले आणि थबकले. ह्याच हातांनी हे झालं होतं. काकूंना ते दिसलं.

“घाबरू नकोस असं मी म्हणणार नाही,” त्या म्हणाल्या. “मी पण घाबरलेय. यात मोजायचं काही नाही, सगळं एकदमच द्यायचं असतं. तू माझ्या हातांवर लक्ष ठेव. चुकले तर ओरड.”

फोनवरची मुलगी एकेक पायरी सांगत होती आणि काकू करत होत्या. पाणी बाटलीत. हलवा, जोरात नाही, गोल फिरवा. परत सिरिंजमध्ये ओढा. मांडीत, सरळ. त्यांचे हात जराही थरथरले नाहीत. मग आम्ही दोघींनी मिळून काकांना कुशीवर वळवलं. काकू जमिनीवर बसल्या, त्यांच्या तोंडाजवळ तळहात धरून. श्वास लागतोय का बघत. एका पायात मोजा, तो भिजला होता.

त्या दहा मिनिटांत मी मनातल्या मनात कोणाकोणाला शब्द दिले ते सांगत नाही. अँब्युलन्सचा आवाज गल्लीत वळला तेव्हा काकांच्या पापण्या हलल्या. पॅरामेडिक आत आले, बोटाला टोचून साखर बघितली, दंडात सुई लावली. काकू उभ्या राहून त्यांना सगळं सांगत होत्या, क्रमाने, काहीही न लपवता, वहीतल्या कोऱ्या पानासकट. संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये काका उठून बसले आणि बिस्किटं मागू लागले.

सई त्याच दिवशी ब्रिस्टलहून आली. कॉरिडॉरमध्ये तिने मला एकच विचारलं, तिच्या इथल्या मराठीत. “तुला किती वेळ माहीत होतं?”

“चार महिने.”

ती वळून आत गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

नंतर जे व्हायचं ते सगळं झालं : जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर, मेमरी क्लिनिक, फॉर्म. इन्सुलिनसाठी नर्स येऊ लागली. काकूंना सगळ्यात जास्त राग आला तो उशीचा. सईने सोफा बाहेर काढताना ती उचलली आणि वासाचं कारण विचारलं. काकांना सांगावं लागलं.

“इतके महिने मला फसवलंत?” काकू कडाडल्या.

“तू मला फसवलंस त्यापेक्षा एक महिना कमीच,” काका म्हणाले.

काकू हसल्या. मी त्यांना तोंडावर हात न ठेवता हसताना पहिल्यांदा बघितलं. आणि हसता हसताच त्यांनी मला विचारलं, “ही उशी अशी का झालीये?”

दोघांना वेगळं ठेवणार नाही, असं सईने लिहून दिल्यासारखं सांगितलं. तिच्या घरच्या तळमजल्यावरची खोली तिने रिकामी केली. जायच्या आधीच्या बुधवारी काकू हॉलमध्ये आल्या. डेरेकनी दोन फासे त्यांच्या हातात ठेवले आणि बाकीच्यांनी आपापले पट मिटले. पंधरा वेळा फासे पडले. प्रत्येक वेळी घर डेरेक मोजून दाखवत होते, काकू सोंगटी ठेवत होत्या. मांडणी पूर्ण झाली तेव्हा काकू बराच वेळ पटाकडे बघत बसल्या आणि हळूच मला विचारलं, “मी कोणत्या रंगाची?” त्या डावात डेरेक जिंकले. पहिल्यांदाच. ते उठून बाहेर गेले आणि पाऊस असूनही बराच वेळ आत आले नाहीत.

मी ब्रिस्टलला गेले ते ऑगस्टमध्ये. काकांनी माझ्या पावलांवरून ओळखलं. काकूंनी मला “डिअर” म्हटलं, खुर्ची दिली, पाणी आणून दिलं. अनोळखी गिऱ्हाइकाशी वागावं तितक्या अदबीने. त्या गुटगुटीत झाल्या होत्या. कपाळावरची आठी, जी मला वाटायचं जन्मापासून असावी, ती पुसली गेली होती. सईने सांगितलं, आई आता कशालाच घाबरत नाही. उकळतं पाणी, अनोळखी माणूस, काहीच नाही.

निघाले तेव्हा काकू मला फाटकापर्यंत पोचवायला आल्या. स्टॉप रस्त्याच्या पलीकडे होता. काकूंनी माझा दंड धरला आणि इकडेतिकडे न बघता सरळ रस्त्यात पाऊल टाकलं. एक व्हॅन हॉर्न वाजवत, करकचून थांबली. काकूंनी ड्रायव्हरला हात केला, पाहुण्याला करावा तसा. पलीकडे पोचल्यावर मला म्हणाल्या, “बरं, मी येते,” आणि उभ्या राहिल्या. घर कोणतं ते त्यांना समजत नव्हतं, पण त्याची चिंताही दिसत नव्हती. मी बस सोडली. त्यांना हाताला धरून परत नेलं, काकांच्या हातात त्यांचा हात दिला, फाटकाची कडी लावली.

पुढची बस आली. मी वरच्या डेकवर चढून खिडकीशी बसले आणि खाली बघितलं. कडी निघाली होती. काकू फुटपाथच्या अगदी कडेला उभ्या राहून माझ्याकडे, किंवा बसकडे, बघून हसत होत्या. त्यांच्या मागे काका, समोरचं काही दिसत नसलेले, दोन्ही हातांनी त्यांच्या स्वेटरची बाही ओढून धरून, पाय रोवून मागे रेललेले. ते तोंड वर करून सईला हाका मारत होते. काच बंद होती, मला आवाज येत नव्हता. बस हलली तेव्हा काकूंचा एक पाय रस्त्यावर होता.